बारीची वही

बोटीचा भोंगा एकदा वाजला तर सिमेंट आणि साखर.
दोनदा वाजला तर माणसं.
आज दोनदा.
चालता चालता चाती फिरवत
मी धक्क्याकडे उतरते.

वही एउसेबिओकडे. यंदाचा वहीवाला तो.
शाळेची चौकटीची वही, कोपरे मऊ पडलेले,
एकशे अठरा घरं, वरच्या आळीपासून तळ्याकाठापर्यंत.
ज्याची बारी त्याच्या घरी पाहुणे,
छपरावर पत्रा असो की गवत,
चार शब्द परके येत असोत
की नुसतं हसून भागवायचं असो.

विल्बर बोटीतून उडी मारतो.
पुनोत त्याचं ऑफिस आहे, भिंतीवर आमचंच बेट,
आहे त्याहून निळं.
मला बाजूला घेतो:
"हिलारिया मावशी, हे चौघे थेट तुझ्याकडे.
तुझ्याकडे नवा संडास आहे.
वहीबिही राहू दे, माणशी वीस जास्त देतो."

वीस चोक ऐंशी.
पोराचा चष्मा.
मला हिशेब येत नाही असं कुणी समजू नये.
चाती थांबली. सूत तुटलं नाही,
पण थांबली.

सातुर्निनाचा नवरा तळ्याने नेला त्या साली
कुणीतरी म्हणालं होतं, तिचं नाव खोडा,
एकट्या बाईला काय जमणार.
खोडलं नाही. कुणी चादर दिली, कुणी परात,
मी दोन उशा दिल्या, त्यातली एक अजून परत यायचीय.

"आज बारी सातुर्निनाची," मी म्हणाले.
"संडास जुना आहे. पण कडी लागते."

विल्बर हसला, दातांपुरतं.
पाहुण्यांना त्याने काय सांगितलं कुणास ठाऊक.
त्यातली एक, पिकल्या केसांची,
आपली पिशवी आपणच उचलून चढणीला लागली
आणि तिसऱ्या वळणावर मटकन बसली.
मी मुन्याची पानं चुरगाळून तिच्या नाकाशी धरली.
इथे हवाच पातळ.
पैसेवाल्यालाही हळूच चालावं लागतं.

रात्री मेंढरांच्या सुक्या लेंड्यांची टोपली घेऊन
मी सातुर्निनाकडे गेले. चुलीला लागतात.
पिकल्या केसांची बटाटे सोलत बसली होती,
जाडजाड सोलत होती.
सातुर्निनाने खालची सालं उचलली,
त्यांनाच पुन्हा सोललं,
बोटभर बटाटा काढला भांड्यात.
बोलली काही नाही.
ती बघत राहिली.
पुढचा बटाटा तिने असा सोलला
की सालातून चुलीचा उजेड दिसावा.

मग म्हणे तिने आंघोळीचं पाणीही नको म्हटलं.
विहिरीची वाट तिने दुपारी पाहिली होती,
दोन बादल्या घेऊन वर येणारी सातुर्निनाची पोर पाहिली होती.
मी म्हणते, अगदीच नको कशाला? तोंड तरी धुवावं.
पाहुण्यानेही फार लाजू नये.
देवळापुढे नाच झाला तेव्हा चौघांनी आमचे घागरे, आमच्या टोप्या घातल्या,
भलत्याच पायावर उड्या मारल्या.
आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले.
त्याचे पैसे वेगळे नाहीत.

सकाळी बोट.
आमचा नियम: जे बोटीतून आलं ते बोटीतून जाईल.
पूर्वी आम्हीच तळ्यात टाकायचो, खोटं कशाला बोलू,
मग इस्पीच्या जाळ्यात मासे कमी आणि
झाकणं जास्त यायला लागली.
एउसेबिओने वहीत लिहिलं:
पाहुणे चार, रात्र एक, रिकाम्या बाटल्या अकरा.
पोतं विल्बरच्या पायाशी ठेवलं.

तो म्हणाला, "मावशी, दुसरी बेटंही आहेत."
आहेत की.
मला इथूनच दिसतात.

माझी बारी अजून एकतीस बोटींनी.
तोवर पोरगा वाचेल तसाच,
चष्म्याच्या मोडक्या दांडीला
माझ्या चातीवरचा दोरा बांधून.
लाल दोरा मागत होता.
पांढराच होता.